परसदारचा माठ

८ मे, बुधवार

पोहोचले एकदाची. रात्रभर बसमध्ये बसून पाय सुजलेले, केसांत धूळ, आणि तरी उतरताना मी हसत होते. बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्याला वाटलं मी त्याच्याकडे बघून हसतेय. त्याने हॅट उचलली. मग मीही मान लववली. वादो सेकोतली माझी पहिली ओळख ही अशी.

लेओन शहरात बुटांच्या कारखान्यात चामडं शिवण्यात अर्धं आयुष्य गेलं. ना नवरा, ना मूल. आत्यांनी वाढवलं, त्याही गेल्या. नोकरी सोडली तेव्हा सोबतच्या बायकांना वाटलं मी समुद्र बघायला जाणार. मी म्हटलं, समुद्र सगळेच बघतात. मी उत्तरेला जाणार, आपला देश जिथे संपतो तिथे जाऊन उभी राहणार. त्यांतली मार्गारीता म्हणाली, धूळ आणि दंतवैद्य, दुसरं काही नाही तिथे.

तिचं खरं निघालं. बस स्टँडपासून चौकापर्यंत हसऱ्या दातांचे फलक. सीमेपलीकडचे म्हातारे गोरे सकाळी पूल ओलांडून येतात, दात बसवून घेतात आणि उन्हं कलायच्या आत परत जातात. गावातला प्रत्येक रस्ता उत्तरेला जाऊन त्या तांबूस लोखंडी कुंपणाला थडकतो. एका ठिकाणी कुणीतरी त्याच्या गजांना दोरी बांधून चादरी वाळत घातल्या होत्या. मला ते फार आवडलं.

खोली औषधांच्या दुकानातल्या बाईने सुचवली. गावाच्या पश्चिम टोकाला, गल्लीतलं शेवटचं घर. मालकीण दोन्या नासारिया: काटकुळी, पाठीत वाकलेली, दोन्ही डोळ्यांवर दुधावरच्या सायीसारखा पडदा. मी कोण, कुठली, काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, की तू पाणी प्यायलीस का. मग गव्हाच्या पातळ टॉर्टिया आणि अंड्यात परतलेलं सुकं मांस पुढे ठेवलं. इतकं जेवले की उठवेना.

ऊन डोक्यावर आलं तसा तिने एक लाल माठ भरला, परसदार उघडून बाहेरच्या सपाट दगडावर ठेवला, शेजारी पत्र्याचा पेला ठेवला आणि दाराला आतून कडी घातली. परसदारापलीकडे घर नाही, काटेरी झुडपं आणि मग टेकड्या. कुणासाठी म्हणून विचारलं तर म्हणाली, तहानलेल्यासाठी. चांगल्या घरी आले असं वाटलं. खाट जरा कुरकुरते, पण उशीला साबणाचा वास आहे.

९ मे, गुरुवार

सकाळी लवकर निघून पश्चिमेला चालत गेले. कोरडा ओढा आहे, त्याच्या काठाने जात राहिलं की एक पांढरी टेकडी लागते. तिथून पुढे कुंपण संपतं. पुढचं काम वाळवंटच करतं. टेकडीपर्यंत गेले आणि परत फिरले, कारण टोपी असूनही डोकं भणभणायला लागलं. देश संपतो तिथे उभं राहून काही विशेष वाटेल असं मनात होतं. वाटलं ते एवढंच, की पलीकडची झुडपंही अशीच आहेत.

शेजारी चेलो म्हणून बाई आहे, तिची टॉर्टियाची भट्टी आहे. अंगाने दणकट, तोंडाने त्याहून. तिच्याकडून कळलं की दोन्या नासारियाला एक मुलगी होती, हेर्लिंदा. गाडीच्या सीटची कव्हरं शिवायच्या कारखान्यात होती. बऱ्याच वर्षांपूर्वी एका टोळीबरोबर पलीकडे जायला निघाली, त्या पांढऱ्या टेकडीवरूनच. वाटेत पाय मुरगळला. वाटाड्या थांबला नाही. टोळीतला एक जण पुढे पकडला जाऊन परत आला, त्याने सांगितलं की ती झुडपाखाली बसली होती आणि पाणी मागत होती. आपल्याजवळचं दिलं का, असं त्याला कुणी विचारलं नाही. टोळीतला आणखी एक पोरगा, इसिद्रो, तोही कुठे गेला कळलं नाही. दोघांचं हाडसुद्धा सापडलं नाही.

चेलो म्हणाली, म्हातारी तुम्हालाही विचारेल, हेर्लिंदा का तू म्हणून. खोलीत राहायला येणाऱ्या प्रत्येकीला विचारते. मलाही विचारते.

मी विचारलं, मग तुम्ही काय सांगता?

"मी म्हणते, दोन्या, हे माझं नाक चाचपून बघा. तुमच्या घराण्यात असलं नाक जन्माला आलं असतं तर तुम्ही थेट पाद्र्याकडे तक्रार घेऊन गेला असता. मग ती हसते. झालं. नाही म्हणायचं आणि जेवायला बसायचं."

शनिवारी पुढच्या गावी जायचं ठरवलंय.

१० मे, शुक्रवार

आज आईचा दिवस. उजाडायच्या सुमारास गल्लीतली मुलं गिटार घेऊन दारोदार आयांसाठी गाऊन गेली. आमच्या दाराशी थांबली नाहीत. चुकून नव्हे, पावलं आमच्या भिंतीपाशी मुद्दाम हळू झाली आणि पुढे गेली, ते मी खाटेवर पडून ऐकलं.

म्हणून मी चौकातून केक आणला. दूध मुरवलेला, वर पीचच्या फोडी. माझ्या आयुष्यात आजच्या दिवशी मी कुणासाठी काही विकत घेतलेलं नाही. टेबलावर ठेवला, कापला, एक तुकडा तिच्या बशीत दिला. तिने बशीला हात न लावता माझा हात धरला. बोटं चाचपली, मनगट चाचपलं. मग अगदी सहज, कुणी मीठ मागावं तसं, विचारलं:

"हेर्लिंदा, तू आहेस का गं?"

चेलोचं नाक मला आठवलं. काय बोलायचं ते तयार होतं. नाही दोन्या, मी एल्विरा, तुमच्या खोलीत राहते. हे एवढं. पण तिचे ते पांढरे डोळे माझ्यावर लागलेले, आणि माझ्यावर असं आजवर कुणी डोळे लावून बसलेलं नव्हतं.

मी म्हटलं, "हो आई. मीच. तू खा ना."

तू म्हटलं मी तिला. त्या क्षणापर्यंत तुम्ही म्हणत होते.

ती रडली नाही. थोडा वेळ माझा हात धरून बसली. मग उठली, परसदार उघडलं, बाहेरचा माठ आणि पेला आत आणला. पाणी केराच्या बादलीत ओतून दिलं आणि माठ मोरीत उपडा ठेवला. म्हणाली, आता कशाला? तू आलीस ना.

मी अडवलं नाही. वर केकचा दुसरा तुकडा खाल्ला. हे लिहितानाही तोंडाला गोड चव आहे आणि मला स्वतःची लाज वाटतेय.

११ मे, शनिवार

सांगायचं ठरवून उठले. सांगितलं नाही. सामानही बांधलं नाही.

तिने सकाळी पेटी उघडून हेर्लिंदाचा निळा झगा काढला. मला बसला. खांद्यात जरा घट्ट, पण बसला. मग मला उंबऱ्यावर बसवून तिने माझे केस विंचरले. आत्या विंचरायच्या तेव्हा घाई असायची, केस तुटायचे. हिला घाई नव्हती. मी डोळे मिटून बसले. मनात म्हटलं, आणखी थोडं, मग सांगते.

भिंतीवरून चेलोने पाहिलं. नंतर मी टॉर्टिया आणायला गेले तर कागदात गुंडाळून देताना म्हणाली, "मजा आहे बाई तुमची. आयती आई, आयता झगा. आमच्या पोटी पोरं येतात तेव्हा आधी डॉक्टर लागतो."

मी म्हटलं, म्हातारीला बरं वाटतंय, त्यात कुणाचं काय जातं.

तिने हात पुसले आणि विचारलं, की तुम्ही जाल तेव्हा काय सांगणार तिला? पुन्हा पलीकडे गेली म्हणून? मी टॉर्टिया घेऊन आले.

दुपारी सगळं गाव निजलेलं असताना परसदाराबाहेर काहीतरी खरवडल्यासारखा आवाज येत होता. सावकाश, थांबून थांबून. कुत्रं असावं. दोन्या नासारिया खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. झोप लागलेल्या माणसाच्या मानाने फारच ताठ.

१२ मे, रविवार

आज जे केलं ते कसं लिहू कळत नाही. पण लिहायलाच हवं, नाहीतर उद्या मी त्याला काही चांगलं नाव देईन.

चर्चला गेलो. ती माझा दंड धरून, मी निळ्या झग्यात. प्रार्थना संपल्यावर बाहेरच्या ओट्यावर ती भेटेल त्याला सांगत होती, माझी मुलगी आली. लोकांना मी कोण ते ठाऊक आहे. औषधांच्या दुकानातली बाई तर तिथेच उभी होती. कुणी काही बोललं नाही. एकीने माझ्या गालाला गाल लावला. एक जण हॅटकडे बघत राहिला. त्या सगळ्यांनी मला आंधळीची थाळी खाताना पकडलं होतं आणि सभ्यपणाने मान फिरवली होती.

मग एक ठेंगणी बाई गर्दीतून आली. पायात पुरुषी बूट, छातीवर पिनेने लावलेला एका पोराचा फोटो, वर प्लास्टिक. ही दोन्या तोमासा, इसिद्रोची आई. गावाबाहेर शेळ्या पाळते, फक्त रविवारी येते. हेर्लिंदाला तिने पूर्वी एखाददोनदाच पाहिलं असावं. मी खोलीत राहणारी बाई आहे हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

तिने माझे दोन्ही हात धरले. हळू आवाजात, जणू मला त्रास देतेय अशा बेताने, विचारलं, "पोरी, दमली असशील, मला कळतं. एवढंच सांग. माझा इसिद्रो शेवटी कुठे होता?"

दंडावरचा दोन्या नासारियाचा हात घट्ट झाला. आता तरी कुणीतरी बोलेल असं मला वाटलं. मी इतरांची वाट बघत होते.

मी म्हटलं, तो बरा होता. पुढे चालत होता.

"कुठे पुढे?"

मला या भागातली एकच जागा माहीत. मी म्हटलं, पांढऱ्या टेकडीपलीकडे. ओढ्याच्या काठाने.

तिने माझ्या हातांचं चुंबन घेतलं. देव तुझं भलं करो म्हणाली. तिचे ओठ भेगाळलेले होते, ते माझ्या कातडीला लागले. त्यानंतर मी ते हात किती वेळा धुतले.

१३ मे, सोमवार

घसा कोरडा पडलाय. सकाळपासून पितेय. पाणी जिभेवरून जातं आणि ओल लागतच नाही, जणू तापलेल्या पत्र्यावर शिंपडावं. आधी वाटलं ऊन लागलं. चेलोने मिठाचं लिंबूपाणी दिलं, तेही तसंच.

बस स्टँडवर गेले होते. दुपारच्या बसमध्ये जागा होती. खिडकीपाशी उभी राहिले आणि डोळ्यांपुढे आलं की म्हातारी आता टेबलावर दोन ताटं मांडत असेल. परत आले. दया आली म्हणून, असं लिहिणार होते. ते खोटं आहे. ताट माझ्यासाठी मांडलेलं असेल म्हणून आले.

दुपारी पुन्हा तो आवाज. दोन्या नासारिया भिंतीकडे तोंड करून. मी परसदाराच्या फळ्यांमधल्या फटीला डोळा लावला.

बाहेर एक बाई होती. गुडघ्यांवर, हात जमिनीला टेकून. माठ ज्या दगडावर असायचा, त्यावर वाकलेली. वर्षानुवर्षं माठ पाझरून दगडावर एक गोल डाग पडलाय. ती तो डाग चाटत होती. जीभ काळी, सालपटासारखी. तो खरवडल्याचा आवाज जिभेचा होता.

मी ओरडले नाही. ओरडायला घशात काही नव्हतं.

ती गेल्यावर मी माठ भरून बाहेर ठेवला. पेलाही. संध्याकाळी बघितलं तर माठ काठोकाठ भरलेला, पाणी उन्हाने गरम. भोवतीच्या धुळीत गुडघ्यांच्या खुणा होत्या. पुन्हा माठापाशी येऊन, त्याला न शिवता, तिने तोंड घराकडे केलेलं होतं. माठ परत आत आणला, मोरीत उपडा ठेवला. माझ्या हातचं तिला नकोय.

१४ मे, मंगळवार

सांगितलं. टेबलाशी बसून सगळं सांगितलं. दोन्या, मी हेर्लिंदा नाही, मी लेओनची एल्विरा, मी तुम्हाला फसवलं, तुमची मुलगी दाराबाहेर आहे, तहानलेली आहे, तुम्ही आपल्या हाताने माठ ठेवा. पुन्हा तुम्ही म्हणायला लागले होते. ते तिला शिवीपेक्षा वाईट लागलं असावं, कारण तिने तोंड फिरवलं.

बराच वेळ टॉर्टियाच्या फडक्याची घडी करत राहिली. मग म्हणाली, "मला केकच्या दिवशीच कळलं. तू मला आई म्हणालीस. हेर्लिंदाने मला कधी आई म्हटलं नाही. तेव्हा सगळं गाव नासारियाचं नाचा करायचं, तीही नाचाच म्हणायची. नाचा, जेवायला दे. नाचा, येते मी." फडकं बाजूला ठेवून म्हणाली, "मला ते ऐकायचं होतं."

मी विचारलं, बाहेर कोण येतं ते तुम्हाला माहीत आहे?

माहीत होतं. ती गेली त्याच उन्हाळ्यापासून येतेय. रोज दुपारी. आधी म्हातारी दाराला आतून कान लावून बसायची, तिच्याशी बोलायची. बाहेरून बोलणं कधी आलं नाही, फक्त पिण्याचा आवाज. मग तिला भीती वाटायला लागली. माठ ठेवायचा आणि ती यायच्या आत कडी घालायची.

"कडी एकदाही काढली नाही मी, ती असताना," ती म्हणाली. "पोटची पोर. पाणी ठेवलं बाहेर, भटक्या कुत्र्याला ठेवतात तसं. मला आत घ्यायला एक मुलगी हवी होती. जिला घ्यायची भीती वाटणार नाही अशी."

मी माठ ठेवा म्हणून हात जोडले. नाही म्हणाली. माझी मुलगी घरात आहे असं मी दाराशी जाऊन तिला सांगितलंय, म्हणाली. आता पुन्हा माठ ठेवायचा म्हणजे मी खोटं बोलले हेही सांगावं लागेल. ते तोंड माझ्याजवळ नाही.

टेबलाच्या दोन बाजूंना दोघी बसलो. एकमेकींकडे बघवेना. तिला तर दिसतही नाही, तरी तिने मान खाली घातली होती.

१५ मे, बुधवार

आज सान इसिद्रोचा सण. चर्चमधून मूर्ती बाहेर काढून पावसासाठी शेतांवरून फिरवतात. दोन्या तोमासाच्या पोराचं नाव याच संताचं, म्हणजे त्याचा नामदिन. आज तिला भेटून खरं सांगायचं ठरवलं. निळा झगा काढून माझे कपडे घातले. चालत तिच्या वाडीवर गेले.

शेळ्या गोठ्यात. दावणीला भरपूर चारा टाकलेला, हौद भरलेला. घराला कुलूप. शेजारचा माणूस म्हणाला, पहाटेच गेली. नव्या शर्टाची घडी घेतली, पाण्याची एक बाटली घेतली. हसत होती म्हणाला. पोरगा कुठल्या वाटेने गेला ते कळलंय म्हणाली, आज त्याचा दिवस आहे, त्याला घेऊन येते.

कुठल्या बाजूला ते मी विचारलं नाही.

चेलोला येऊन सांगितलं. मला वाटलं आता टोमणा मारेल. तिने भट्टी विझवली आणि तिच्या भावाला गाडी काढायला सांगायला गेली.

१६ मे, गुरुवार

शोधायला गेलो. गाडीच्या मागे माणसं उभी. चालवणारा म्हणाला, तुम्ही पुढे बसा, जागा दाखवा. मी त्याला सांगितलं — तिथे मी कधी गेलेच नाही, टेकडीवरून परत फिरले, मी ती नाही. तो म्हणाला, "ठाऊक आहे आम्हाला. बसा."

ठाऊक होतं. सगळ्यांना. रविवारीही ठाऊक होतं. गाडीत कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

टेकडीपलीकडे ओढ्याच्या काठाने तिच्या पुरुषी बुटांचे ठसे. सरळ जाणारे. कुठे वळलेले नाहीत, कुठे थांबलेले नाहीत. मी पुढे म्हटलं होतं, ती पुढे गेली. मग वारा सुटला, ठसे बुजले. एका झुडपाखाली रिकामी बाटली, झाकण नीट घट्ट लावलेलं.

आम्ही हाका मारल्या. माझ्या घशातून हाक निघाली नाही.

परत आलो तेव्हा दुपार कलली होती. दोन्या नासारियाने विचारलं, जेवणार का. ताट मांडलेलं होतं. मी जेवले. लाज वाटते लिहायला, पण जेवले. पाणी प्यायले, प्यायले, प्यायले —

१७ मे, शुक्रवार

पुन्हा गेले लोक. मला नेलं नाही. चेलो म्हणाली, राहू द्या. टोमणा मारल्यासारखं नाही म्हणाली, साधंच. त्याने जास्त लागलं.

ओठ फुटलेत. आरशात बघवत नाही.

दुपारी आवाज ऐकला. एकसारखा नव्हता आज. एक थांबला की दुसरा.

कान बंद करून बसले. मग म्हातारीकडे पाहिलं. तिनेही दोन्ही हात कानांवर —

१८ मे, शनिवार

लोक परतले. काही नाही. चेलोचा भाऊ म्हणाला, एवढ्या उन्हात एका बाटलीवर —

म्हातारीला म्हटलं, तुमच्या मुलीसाठी नको, निदान तोमासासाठी ठेवा. तिने मोरीत जाऊन माठाला हात लावला. उचलेना. ताकद नव्हती की मनच नव्हतं — उपडाच राहिला.

खोलीत जाऊन पडले. डोळे मिटले की ओठ लागतात हाताला.

१९ मे, रविवार

घंटा वाजली. गेलो नाही दोघी.

दुपार झालीय. त्या दोघी बाहेर आहेत. फटीतून बघितलं. एक गुडघ्यांवर, दगडाशी. दुसरी उभी आहे. पुरुषी बूट. छातीवर फोटो. ती चाटत नाहीये आता, दाराकडे तोंड करून उभी आहे, हात पुढे बांधून, ओट्यावर उभी होती तशीच, त्रास देतेय अशा बेताने —

बोलतेय. हेर्लिंदा कधी बोलली नाही, ही बोलते. आवाज पाचोळ्यासारखा.

पोरी, मी पुढे गेले. तू म्हणालीस तिथवर. तिथून आणखी कुठे पुढे?

म्हातारी म्हणते उघडू नकोस. पहिल्यांदाच मला नावाने हाक मारली. एल्विरा, म्हणाली, उघडू नकोस.

पोरी, आणखी कुठे पुढे?

पुन्हा. पुन्हा तेच. रागाने नाही. रागाने विचारलं असतं तर —

माठ भरलाय मी. म्हातारीचा हात धरून तिच्या हाताने भरलाय, ती रडतेय, पण हात सोडवून घेतला नाही तिने. कडी काढणार आहे. पाणी देता येईल. उत्तर द्यायला मात्र जीभ हलत नाही, टाळ्याला चिकटलीय, खडखडते. म्हणून इथे मोठ्या अक्षरांत लिहिते आणि दार उघडून हेच पान तिच्यापुढे धरते. एवढं एकच वाक्य. ते तरी पूर्ण —

कडी हलतेय. मी नाही हलवत.

दोन्या तोमासा, मी हेर्लिंदा नाही. तुमच्या इसिद्रोला मी कधी पाहिलं